मतदान यंत्रावरचा चेहरा आणि चौकातला चेहरा एकच असू दे

मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत फ्लेक्स डिझाईनचं काम करतो. निवडणूक लागली की आमच्याकडं मध्यरात्र उलटली तरी मशीन चालूच असतंय, सगळ्या पक्षांची पोरं व्हॉट्सॲपवर फोटो टाकून शेजारी खुर्ची ओढून बसतात, त्यामुळं उमेदवाराचा चेहरा कसा तयार होतो ते मी अगदी जवळून बघतोय, आणि म्हणूनच हे पत्र.

ईव्हीएमवर 2015 पासून उमेदवाराचा फोटो असतोय. त्याचे नियम मला मनापासून पटतात. 2 सेंटिमीटर बाय अडीच, फोटो तीन महिन्यांच्या आतला, बॅकग्राउंड पांढरी, चेहरा सरळ समोर, डोळे उघडे, कपडे साधे, युनिफॉर्म नाही, टोपी आणि काळा गॉगल टाळायचा. माणूस आहे तसा ओळखू यावा, बस. पण तोच माणूस बिंदू चौकात नाहीतर मिरजकर तिकटीला 10 बाय 20 फुटांच्या फ्लेक्सवर उभा राहिला की ह्यातलं काहीच लागू नाही. फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा चालतोय. जरा उजळ करा, डोळ्याखालचं काळं घालवा, केस दाट करा, पोट आत घ्या, हे तर नेहमीचंच, आणि फोटो अगदीच साधा असला की आम्ही मान तेवढी कापून घेतो आणि तयार 'बॉडी'वर बसवतो. म्हणजे पांढरा कुर्ता, वर जॅकेट, हात जोडलेले, असल्या फाईली सगळ्या डिझायनरकडं असतात. ते जोडलेले हात उमेदवाराचे नसतातच, साहेब. एकाच बॉडीवर दोन विरोधी उमेदवारांची डोकी बसलेली मी बघितलीत, आणि खालनं जाणारी म्हातारी माणसं त्या हातांना बघून नमस्कार करतात ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

वर राजर्षी शाहू महाराजांचा फोटो सगळ्यांनाच पाहिजे असतोय. 1902 मध्ये आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवणारा राजा तो, त्याच्या शेजारी उभं राहायचं तर निदान स्वतःच्या खऱ्या तोंडानं तरी उभं राहावं की नाही?

बायकांच्या बाबतीत तर अजून अवघड. महिला उमेदवार असली की सूचना देतात घरातले पुरुष. पदर डोक्यावर घ्या, टिकली जरा मोठी करा, हसणं कमी करा, आणि शेजारी मिस्टरांचा फोटो तेवढाच मोठा लावा. बाई स्वतः काय शिकलीय, तिनं काय काम केलंय, ह्यातली एक ओळ मागून बघा, मिळत नाही, कारण त्यांच्या मते जागा नसते.

दिसण्यानं काय फरक पडतोय असं कुणी म्हणेल. पडतोय. 2005 मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सिनेटच्या दोन-दोन उमेदवारांचे नुसते फोटो दाखवले आणि कोण जास्त सक्षम वाटतोय एवढंच विचारलं, तर साधारण 70 टक्के लढतींत लोकांनी निवडलेला चेहराच निवडून आलेला होता. 2009 मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी लहान पोरांना फ्रान्सच्या उमेदवारांचे फोटो दाखवून विचारलं, तुमच्या जहाजाचा कप्तान कोण पाहिजे, आणि पोरांची उत्तरंसुद्धा बहुतेक वेळा निकालाशी जुळली. 2011 चा अजून एक अमेरिकन अभ्यास आहे, त्यात दिसलं की ज्यांना राजकारणाची माहिती कमी आणि टीव्ही जास्त, त्यांच्या मतावर चेहऱ्याचा परिणाम जास्त होतोय. मला ह्यात महत्त्वाचं हे वाटतं की चेहरा तिथंच जोर करतोय जिथं माहिती पोचत नाही. आणि माहिती तर तुमच्याकडंच आहे! फॉर्म 26 चं प्रतिज्ञापत्र, त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं असतंय, आयोगाच्या वेबसाईटवर कुणालाही बघता येतंय, पण गडहिंग्लज नाहीतर शाहूवाडीच्या एखाद्या वाडीतला माणूस ते शोधायला कुठं बसणार, त्याला रोज दिसतो तो फक्त एसटी स्टँडसमोरचा फ्लेक्स.

म्हणून माझी मागणी अशी की ईव्हीएमच्या फोटोचे नियम प्रचाराच्या फ्लेक्सलाही लावा. फोटो तीन महिन्यांच्या आतला पाहिजे आणि शरीर स्वतःचं पाहिजे. दुसरं, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ प्रमाणं मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव आम्ही आत्ताही खाली छापतोच, छपाईच्या आधी प्रकाशकाकडनं दोन साक्षीदारांच्या सह्यांचं डिक्लेरेशनही घ्यावं लागतंय, मग त्याच पट्टीत त्या उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राचा क्यूआर कोड सक्तीचा करायला काय अडचण आहे? तो फोनवर सहज स्कॅन होईल एवढा मोठा पाहिजे, कोपऱ्यात दडवलेला नको. आणि एआयनं बनवलेल्या फोटोवर दिसणाऱ्या जागेच्या किमान 10 टक्के एवढं लेबल पाहिजे असं आयोगानं ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलंय, त्याची तपासणी मोबाईलपुरती न ठेवता चौकातल्या फ्लेक्सवरही व्हावी.

आमचा धंदा बुडेल असं काही दुकानदार म्हणतील. मला तसं वाटत नाही, फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतोय, तोंड खरं असलं म्हणून फूट कमी होत नाहीत. उलट 'ह्याला दहा वर्षं तरुण करा' म्हणून मागं लागणाऱ्याला नाही म्हणायला आमच्या हातात कागद येईल, आत्ता आम्ही नाही म्हटलं की काम शेजारच्या दुकानात जातंय.

हे शहर बाबूराव पेंटरांचं आहे. सिनेमाची पोस्टरं स्वतःच्या हातानं रंगवणारा माणूस होता तो, चित्र काढायची लाज इथं कुणालाच नाही. पण सिनेमाचं तिकीट काढणाऱ्याला माहीत असतं की आपण सिनेमा बघायला चाललोय. मतदाराला कोण सांगतंय?

निवडणुकीआधी मुद्रकांची बैठक होते, त्यात कलम 127अ वाचून दाखवतात. पुढच्या बैठकीत ह्या गोष्टी लेखी द्या. क्यूआरची पट्टी टाकून 10 बाय 20 चं एक नमुना डिझाईन मी करून ठेवलंय, कार्यालयाला पाहिजे असेल तर विनामूल्य पाठवतो.

आपला,
लक्ष्मीपुरीतला एक फ्लेक्स डिझायनर, कोल्हापूर