चि. ओंकारास

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "थोडं डोकं आपटलं, काही नाही" म्हणालास आणि लगेच शनिवारच्या मॅचवर घसरलास. डोकं दुखतंय का अजून? उजेडाचा त्रास होतो का? ट्रेनरला सांगितलंस का? हे सगळं विचारायचं नाही असं आईनं बजावलं होतं.

तू राहतोस तिथून पिकन्स जवळच आहे ना? सॅम वाइशचं गाव. १९८८ मध्ये मी सिनसिनाटीला शिकायला आलो तेव्हा तिथल्या बेंगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच तो होता. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सांगून पास फेकणारा, म्हणून त्याला फारसं खेळायला मिळालं नाही. बेंगल्स, वॉशिंग्टन, डेट्रॉइट, बहुतेक वेळ राखीवच. मग ग्रीनव्हिलला खेळाच्या सामानाचं दुकान. तिथून सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा कोच बिल वॉल्शनं त्याला तिकडे नेलं, नवख्या क्वार्टरबॅक जो मोन्टानाला घडवायला. आणि १९८९ च्या जानेवारीत त्याच मोन्टानानं आपला संघ ९२ यार्ड पुढे आणून, ३४ सेकंद उरलेले असताना, आपल्या बेंगल्सच्या हातची सुपर बोल, म्हणजे मोसमाची अंतिम मॅच, नेली. २०-१६. सुधाकाकासमोर अजून तो विषय काढायचा नाही.

वाइशचा नो-हडल, घोळका न करता लगेच पुढची चाल खेळणं, तुला मी काय शिकवणार! पण मी तो बेंगल्सच्या रिव्हरफ्रंट मैदानावर बघितलाय. त्यांचा क्वार्टरबॅक एसायसन रेषेवर उभ्या उभ्याच चाल सांगायचा, समोरच्यांना माणसं बदलायला उसंतच नाही, धापा टाकत तसेच उभे. हे सगळं वाइशच्या डोक्यातून आलेलं. खेळणं थोडक्यात आटोपलं, डोकं मात्र जन्मभर कामी आलं. म्हणून म्हणतो, पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेततं. शनिवार पुढेही येतील. एका मॅचसाठी कोणी

झालं, प्रवचन सुरू झालं. राग मानू नकोस.

१९८९ च्याच डिसेंबरात सिॲटलविरुद्धच्या मॅचला लोक मैदानात बर्फाचे गोळे फेकायला लागले, तेव्हा वाइशनं माईक हातात घेऊन सगळ्यांना झापलं: तुम्ही क्लीव्हलंडमध्ये राहत नाही, सिनसिनाटीत राहता! मी वरच्या रांगेत गारठून बसलो होतो. परक्या गावात आल्यापासून हे गाव आपलं वाटलं ते त्या दिवशी. पुढे तो एनबीसी आणि सीबीएसवर समालोचन करायचा. २००० साली गाठीची तपासणी करताना स्वरतंतूची नस दुखावली आणि आवाज गेला. तर हा गडी पिकन्सच्या हायस्कूलमध्ये पोरांना शिकवायला लागला, पगार न घेता. २०१६ मध्ये दुसऱ्याचं हृदय बसवलं, त्यानंतरही लोकांना अवयवदानाचं सांगत राहिला. २०२० च्या जानेवारीत गेला, ७४ वर्षांचा होऊन.

गेल्या मोसमात पावसात, पडता पडता फेकलेला तुझा तो पास मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलाय. डेव्हिड म्हणाला, हा पोरगा उद्या कोच होणार. मला खूप बरं वाटलं. तेच डोकं आहे रे हे.

शनिवारी आम्ही येतोय. खेळलास तरी, बाकावर बसलास तरी. आई मेतकूट आणि लसणाची चटणी आणते आहे. खोलीतल्या मुलांसाठी काय आणू ते कळव.

ट्रेनरशी आजच बोल आणि काय म्हणाला ते मला सांग. आईला नको, मला.

तुझा,
बाबा

ता. क. उजेडाचं राहिलं. त्रास होतो की नाही, तेवढं लिही.