कार्टर, कालवा आणि नारू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचे पार्थिव ७ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनला अंत्यदर्शनासाठी आणले आणि नेमके त्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत, अमेरिकेच्या ताब्यातला पनामा कालवा पनामा देशाला दिल्यावरून, त्यांना बोल लावला. आपल्याकडे तेराव्यापर्यंत तरी गेलेल्या माणसाचे उणे काढत नाहीत. टेक्सासातल्या माझ्या भाच्याने लगेच घरच्या ग्रुपवर टाकले, ‘मामा, एका डॉलरला कालवा विकणारा तुमचा कार्टर!’ ‘तुमचा’ का, तर मी अधूनमधून त्या माणसाची बाजू घेतो म्हणून.

वास्तविक कार्टरांवर माझाही राग आहे. १९६३ च्या करारात अमेरिकेने आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राला तीस वर्षे इंधन द्यायचे कबूल केले होते. १९७८ च्या जानेवारीत कार्टर दिल्लीला आले. आपल्या सगळ्या अणुकेंद्रांच्या तपासणीला पंतप्रधान मोरारजी कबूल होईनात, तेव्हा कार्टर स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्याला हळूच म्हणाले की परत गेल्यावर यांना एक थंड आणि रोखठोक पत्र लिहू. माइक चालू होता, सगळ्या जगाने ऐकले! त्याच वर्षी अशी तपासणी न मानणाऱ्या देशांना अणुइंधन न देण्याच्या नव्या कायद्यावर त्यांनी सही केली आणि तारापूरचे इंधन अडकले. पुढे १९८० मध्ये त्यांनीच ३८ टन युरेनियमला मंजुरी दिली. सिनेटमध्ये ती ४८ विरुद्ध ४६ अशी काठावर वाचली. म्हणजे अडवले म्हणून आम्ही चिडलो आणि सोडले म्हणून त्यांचेच लोक चिडले.

त्याच दौऱ्यात, दिल्लीला यायच्या आदल्या रात्री, तेहरानमध्ये इराणचे राजे शहा यांच्या मेजवानीत ते त्या देशाला स्थैर्याचे बेट म्हणून आले होते. जेमतेम वर्षभराने शहांना देश सोडावा लागला. पुढे तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस ४४४ दिवस अडकून पडले, सोडवायला गेलेल्यांपैकी ८ जवान वाळवंटात मेले. हे सगळे त्यांच्या नावावर मांडा, माझी ना नाही.

पण कालव्याचे तसे नाही. तो विकला नव्हता, कराराने पनामाला दिला. १९६४ मध्ये पनामात दंगल झाली, तेव्हापासून ही बोलणी सुरू होती. जॉन्सन, निक्सन, फोर्ड अशा तीन अध्यक्षांनी ती चालवली. कार्टरांनी शेवट केला. सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मते पडली, त्या ६८ मध्ये १६ रिपब्लिकन होते. रिपब्लिकनांचेच सिनेटमधले नेते हॉवर्ड बेकर बाजूने उभे राहिले नसते तर करार तिथेच मेला असता. भाच्याला विचारले, ‘त्या सोळांचे काय?’ त्याने हसरा चेहरा पाठवला.

आता नारू. आजच्या पोरांना हा शब्दही ठाऊक नाही. नारू म्हणजे अंगात वाढून कातडीतून बाहेर येणारा लांब दोऱ्यासारखा किडा, आणि त्याचा रोगही नारूच. मी आरोग्य सेवक म्हणून बालाघाटच्या डोंगरात नोकरी केली. गावाला पायऱ्यांची बारव. बायका घोटाभर पाण्यात उतरून घागर भरायच्या. पायाला फोड येऊन आग आग झाली की माणूस पाय पाण्यात बुडवायचा, आणि फोड फुटून त्यातून नारूची पिले त्याच पाण्यात पडायची. पाणी पिणाऱ्याला वर्षभराने तोच रोग. एका म्हातारीच्या पायातला नारू मी तुरीच्या काडीला गुंडाळत होतो. रोज दोन बोटे, जास्त ओढायचा नाही, कारण तुटला की पाय सुजून पू होतो. नवव्या दिवशी तुटला. म्हातारी मला काही बोलली नाही, नुसती काडीकडे बघत राहिली. औषध नव्हतेच. बारवेत ॲबेट हे कीटकनाशक टाकायचे, फडक्याने पाणी गाळायला शिकवायचे, जमेल तिथे पायऱ्या बुजवून हातपंप घ्यायचा, एवढेच हातात होते.

आपला नारू आपण घालवला, त्याचे श्रेय मी कार्टरांना देणार नाही. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आणि २००० मध्ये प्रमाणपत्र. पण कार्टरांच्या संस्थेने १९८६ मध्ये जगभरची मोहीम हाती घेतली तेव्हा वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये ते १४ वर आले. १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत या कामासाठी त्यांनी दोन्ही बाजूंना लढाई थांबवायला लावली, ती जवळजवळ सहा महिने थांबली. आमच्याकडे बारव बुजवायची म्हटले की दोन भावक्या एका जागी बसत नसत, म्हणून मला याचे जास्त अप्रूप.

मात्र त्यांचे भक्तही कमी नाहीत. हे सारे पुण्य ते व्हाइट हाउसातल्या चार वर्षांच्या खात्यात जमा करतात. ते चूक आहे. नारूचे काम पद गेल्यानंतरचे. १९८० मध्ये महागाई साडेतेरा टक्क्यांवर होती आणि रेगन यांनी निवडणुकीत त्यांना निर्वाचक मतांत ४८९ विरुद्ध ४९ असे लोळवले होते, हे पुसता येत नाही. पण मध्यवर्ती बँकेचे प्रमुख म्हणून ज्या व्होल्कर यांनी व्याजदर चढवून ती महागाई उतरवली, त्यांना नेमले होते कार्टरांनी, हेही लिहावे लागेल. त्याचा फायदा रेगनना मिळाला.

एवढे सगळे मी ग्रुपवर लिहिले, तर भाचा म्हणाला, ‘मामा, फार लांब झाले, कोण वाचणार?’ म्हणून आपल्याकडे पाठवत आहे. जागा कमी असल्यास तारापूर कापावे, म्हातारी राहू द्यावी.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक, अंबाजोगाई (जि. बीड)