घरासमोरचा रस्ता

सहकारनगर, पुणे

चि. मन्या यास,
अनेक आशीर्वाद.

घराबाहेर लावायच्या कॅमेऱ्यांसाठी तू पाठवलेले पैसे खात्यात जमा झाले. कॅमेरे मी घेत नाहीये. फोनवर तू इतका तावातावाने बोलत होतास आणि मागून बाबांच्या सूचना चालू होत्या, त्यामुळे तेव्हा गप्प बसले. आता दुपारी ते झोपलेत, तर निवांत लिहिते.

आधी झालं काय ते सांगते, कारण तुला ग्रुपवरून मीठमसाला लावून कळलंय. मंगळवारी रात्री अडीचच्या सुमाराला दोन मोटारसायकलींवरून पाच-सहा पोरं आली. तोंडाला रुमाल, हातात कोयते नि लाकडी दांडकी. तळजाई टेकडीकडच्या उतारावरून खाली येत आपल्या गल्लीत शिरली आणि हाताला लागेल ती गाडी फोडत खालच्या चौकात निघून गेली. शिव्या, काचांचा आवाज, परत शिव्या. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. आपल्या वॅगनआरची मागची काच गेली आणि डावा आरसा वायरवर लोंबकळत होता. त्यांचं कोणाशी तरी वाजलं होतं म्हणे, दहशत बसवायची होती. ज्याच्याशी वाजलं तो आपल्या गल्लीत राहतच नाही.

112 वर बाबांनीच फोन केला. पोलीस आले, पंचनामा झाला आणि तिसऱ्या दिवशी पोरं सापडलीही. दोघं सज्ञान, बाकीची अल्पवयीन. चौकातल्या कॅमेऱ्यात एका मोटारसायकलचा नंबर आला होता. म्हणजे कॅमेरे आहेत, आणि त्यांनी काम केलं. रात्री कोयता घेऊन फिरणारी पोरं कॅमेरा बघून परत फिरत नाहीत, उलट नंतर तेच चित्रण एकमेकांना दाखवतात. 2015 च्या जूनमध्ये सिंहगड रस्त्यावर एका रात्रीत डझनावारी गाड्या जाळल्या होत्या, आठवतंय ना? तेव्हाही चार दिवस सगळं पुणं कॅमेऱ्यांबद्दलच बोलत होतं.

सकाळी उठून प्रत्येकाच्या तोंडी एकच, ‘वस्तीतली पोरं.’ मी भाजीला वर गेले तर वस्तीत आपल्यापेक्षा जास्त काचा पडलेल्या. तिथल्या रिक्षा आणि टेंपो आधी फोडले होते, मग ती टोळी आपल्याकडे उतरली. बाबांना फिजिओथेरपीला नेणारा रिक्षावाला आहे ना, त्याची पुढची काच आणि मीटर दोन्ही गेलं. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी. म्हणजे त्याच्या रिक्षाने दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी देणार, त्याच्या रिक्षाचं झालं तर एक पैसा नाही. शिवाय रिक्षा उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली, ती कुठल्याच अर्जात भरता येत नाही. तुझ्या पैशांतले थोडे मी त्याला उसने दिले. तुला न विचारता दिले, पण तू नाही म्हणाला नसतास. उरलेले परत पाठवते.

नंतरचे दोन दिवस आपल्या जेवणाच्या टेबलाचं क्लेम ऑफिस झालं होतं. विमा कंपनीतली माझी सगळी नोकरी मोटार क्लेममध्ये गेली हे गल्लीला त्या दिवशी आठवलं. ज्यांची तोंडं एरवी एकमेकांना चालत नाहीत, ती माणसं आरसी बुक घेऊन शेजारी शेजारी बसलेली. मी सगळ्यांना तेच सांगत होते: आधी फोटो, मग एफआयआरची प्रत, विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून जाईपर्यंत काचा झाडू नका. पुढची काच दोन थरांची असते, मधे पातळ पडदा असतो, त्यामुळे ती तडकते पण जागेवर राहते. मागची नि बाजूची मात्र एकदम खडे खडे होऊन खाली येते. ते खडे सीटबेल्टच्या खाचेत जाऊन बसतात आणि महिनाभर बेल्ट लावताना कुरकुरतात. काचेला घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापत नाहीत, पण बंपर वगैरे प्लास्टिकला साध्या पॉलिसीत निम्मे पैसे कापले जातात. वरच्या मजल्यावरच्या काकांना हे ऐकून भलताच धक्का बसला. पाच वर्षं क्लेम न घेता हप्त्यात पन्नास टक्के सवलतीचा बोनस जमवला होता त्यांनी. तो घालवायचा की खिशातून काच बसवायची, याचा हिशेब ते अजून मांडताहेत.

असा सगळा एकोपा. शुक्रवारी सकाळी दार उघडून बघते तो काय, रस्त्यावर खुर्च्या परत आलेल्या!

तू गेल्यापासून गाडीची जागा धरायला गल्लीत काय काय उगवलंय ते तुला ठाऊक नाही. मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला पाइप, विटा, आणि कोपऱ्यावरच्या काकूंची तर चक्क तुळशीची कुंडी. तुळस कोण हलवणार, हा त्यातला डाव. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची, तसली ही तऱ्हा. फरक इतकाच की एसटी निदान शेवटच्या थांब्यावर रिकामी होते. आणि तू मला सांगतोस की आपणही दोन कुंड्या ठेवाव्यात, ‘घरासमोरची जागा आपलीच आहे.’

नाही रे बाळा, आपली नाही. आपल्या जागेची हद्द कंपाउंडच्या भिंतीपाशी संपते. भिंतीपलीकडचा रस्ता महापालिकेचा, म्हणजे सगळ्यांचा. त्यावर वाहतुकीच्या नियमात राहून कोणीही गाडी लावू शकतो, भले तो आपल्याला ओळखत नसेल. फाटक अडवायचं नाही, हा आपला हक्क. फाटकाच्या डाव्या-उजव्या बाजूचा रस्ता हा आपला हक्क नव्हे. ही इमारत झाली तेव्हा आठ बिऱ्हाडांत मिळून एक प्रीमियर पद्मिनी आणि स्कूटरी होत्या. आता आठ घरांत अकरा गाड्या आहेत आणि आत जागा चारांना. बाकीच्या सात रस्त्यावर. हे काही आपल्या एका इमारतीचं नाही. 2018 मध्ये आरटीओच्या आकड्यांत शहरातल्या वाहनांनी 36 लाख ओलांडले, तेव्हा माणसं होती 35 लाखांच्या आसपास. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेच्या सभेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं, रस्त्यावर गाडी लावायला पैसे घ्यायचे म्हणून. केवढा गदारोळ झाला! आधी पाच रस्त्यांवर करून बघू, असं ठरलं. आपल्या गल्लीत आजही जागा फुकटच आहे, आणि फुकट असल्यामुळेच तिच्यासाठी एवढी हातघाई.

आता तुझा खरा राग कशावर आहे ते मला कळतं. तो मागच्या काचेवर नाहीये, गाडीवरच्या त्या जुन्या चऱ्यावर आहे. काच फोडणारी पोरं तू चार वाक्यांत सोडून दिलीस आणि अर्धा तास दोन वर्षांपूर्वीच्या चऱ्याबद्दल बोललास.

चऱ्याचं माझं मत ऐक, शेवटी ते माझं कामच होतं. मोटारसायकल घासून गेली तर ओरखडा एकदम खोल सुरू होतो आणि पुढे विरत जातो, कडेला समोरच्याचा रंग लागलेला असतो. आपल्या गाडीवरचा तसा नव्हता. पुढच्या दारापासून पेट्रोलच्या झाकणापर्यंत सरळ एका खोलीचा, आणि हँडलपाशी किंचित वर उचललेला. हात उचलून पुन्हा टेकवलेला. किल्लीच ती. मारणाऱ्याला घाई नव्हती.

कोणी मारला ते मला माहीत आहे. तुला नाव सांगणार नाही. बाबांनाही सांगितलेलं नाही, नाहीतर त्यांनी त्याच दिवशी खाली जाऊन तमाशा केला असता. त्या माणसाच्या हातची साखर आपण तुझ्या बारावीच्या निकालाला खाल्ली आहे, एवढंच सांगते. गाडी लावण्यावरून कुरबूर झाली होती, मी योग्य जागी लावली होती, त्यांना ती त्यांची वाटत होती.

कायद्याचं म्हणशील तर कोयत्याने फोडलं काय आणि किल्लीने ओरखडलं काय, दोन्ही आगळीकच. पूर्वी दंड संहितेचं 427 कलम होतं, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 324. नुकसान वीस हजार ते लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखावर गेलं तर पाचपर्यंत. पण कायद्याला सारखं वाटलं तरी मला ते सारखं वाटत नाही. पोरांना आपलं नावही माहीत नव्हतं. इथे मात्र मला रोज जिन्यात ‘काय, कुठे निघालात?’ विचारणारा माणूस आहे.

आणि हे किल्लीपर्यंत एकदम येत नाही. ‘गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल’ ही आपल्या पुण्याची लाडकी पाटी. आपण फोटो काढतो, बाहेरगावच्यांना कौतुकाने पाठवतो. गेल्या वर्षी पहिल्या मजल्यावर हळदीकुंकवाला सासवडहून पाहुणे आले होते. त्यांनी समोरच्या बंगल्याच्या फाटकापुढे गाडी लावली. चूक त्यांचीच, शंभर टक्के. परत आले तर चारही चाकं बसलेली. रात्री दहाला पंक्चरवाला शोधत फिरले, लहान पोर कडेवर. फाटक अडवलं तर वाहतूक पोलिसांना फोटो पाठवता येतो, पहिल्या खेपेला पाचशेचं चलान होतं. पण ते पाचशे सरकारला जातात. बंगल्यातल्या माणसाला शिक्षा आपल्या हाताने करायची होती, आणि खिडकीतून बघायचीही होती. मी समोरच राहते, पडदा हललेला मला दिसला.

तुला कॅमेरा हवाय तो त्या पोरांसाठी नाही. तू फोनवर म्हणालास, ‘एक गेटकडे आणि एक समोरच्या दाराकडे तोंड करून लाव.’ समोरच्या दाराकडे! ती माणसं कधी दूध घेतात, कोणाकडे जातात, हे मी रोज मोबाइलवर बघत बसू? एकदा बघायला लागलं की काहीतरी सापडतंच. मला ते नको आहे, माझ्या घरात तरी नको.

आता कामाचं. पुढच्या वर्षी बंगळूरहून कायमचा यायचं म्हणतोस, आणि ती मोठी गाडी घेऊन. ये, घर तुझंच आहे. गाडीचं मात्र तसं नाही. इमारत पुनर्विकासाला जाईल नि मग दोन-दोन पार्किंग मिळतील, हे बाबांचं स्वप्न मी बारा कमिटी मीटिंगांतून ऐकते आहे, त्यावर गाडी आणू नकोस. जागेचा पुरावा नसेल तर नवीन गाडीची नोंदणी करायची नाही, असं 2025 च्या मे महिन्यात परिवहनमंत्री सरनाईक बोलले होते. तेव्हा सगळे त्यांच्यावर तुटून पडले. मला मनापासून पटलं. सरकार करेल तेव्हा करेल, आपल्या घरापुरता मी हा नियम आजपासून लागू केला आहे.

म्हणून शाळेच्या मागच्या बंगल्यातल्या आजींशी बोलून ठेवलंय. त्यांच्या आवारात एक जागा रिकामी आहे, वर पत्रा आहे, रात्री फाटकाला कुलूप असतं. महिन्याला अडीच हजार मागतात, दोन हजारांवर येतील, त्यांच्या क्लेमचं काम मीच केलंय. चालत पाच मिनिटं. पावसाळ्यात कुरकुर करशील, छत्री देईन. आणि कर्नाटकचं पासिंग इथे बारा महिन्यांच्या वर चालत नाही, तेव्हा निघण्याआधी तिथल्या आरटीओकडून ना हरकत दाखला घेऊनच नीघ, नाहीतर नंतर खेटे घालशील.

गाडी लांबीला चार मीटरच्या आतली आहे की वरची, ते लगेच कळव. आजींचं फाटक अरुंद आहे आणि वळण डावीकडून घ्यावं लागतं. रुंदी आरसे उघडे ठेवून मोज.

तुझी,
आई