डेबियन १३ आणि कर्नलची जुनी सेटिंग्ज : सुहासला पत्र

सांगली,
फेब्रुवारी २०२६

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याचा तुमचा सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ वरून १३ वर नेताना काय सांभाळावे, असे तू विचारले होतेस. इथल्या एका हळदीच्या अडत पेढीत नुकतेच जे पाहिले तेच सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडेही पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे आणि कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, जुनी सेटिंग्ज कोणी व का घातली, हे तुमच्याकडेही आता कोणाला ठाऊक नसणार.

अपग्रेड विनातक्रार पार पडले होते. नव्या हळदीची आवक वाढून सौद्यानंतर हिशेबपट्ट्या करायला सगळे एकदम बसू लागले, तेव्हा सर्व्हर रखडू लागला. प्रोसेसरवर फारसा भार नव्हता, पण मेमरी संपून स्वॅप, म्हणजे मेमरीऐवजी डिस्कचा वापर, सुरू झाला होता. मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या मेमइन्फो फाइलमध्ये ‘पेजटेबल्स’ची (मेमरीच्या पानांच्या, म्हणजे तुकड्यांच्या, तक्त्यांची) ओळ दीड जीबीच्या पुढे गेलेली आणि ‘ह्यूजपेजेस_टोटल’समोर (मोठ्या पानांच्या संख्येसमोर) शून्य! पोस्टग्रेसची सामाईक मेमरी ८ जीबी असेल, तर ४ केबीच्या पानांनी तिच्या नोंदी २०,९७,१५२ होतात. प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणजे सगळी मेमरी हाताळणाऱ्या प्रत्येक कनेक्शनमागे १६ एमबी नुसत्या पानांच्या तक्त्यात जातात. २ एमबीची पाने असती तर ४,०९६ नोंदींत काम भागले असते.

मोठ्या पानांची नोंद कर्नलची सेटिंग्ज ठेवणाऱ्या जुन्या सिसकंट्रोल.कॉन्फ या फाइलमध्ये होती. मात्र डेबियन १३ मध्ये सिस्टमडी (सुरू होताना प्रणालीची मांडणी करणारा प्रोग्राम) ती फाइल वाचतच नाही; नोंदी ईटीसीमधल्या सिसकंट्रोल.डी या फोल्डरात, स्वतंत्र फाइलमध्ये असाव्या लागतात. पोस्टग्रेसमध्ये ‘ह्यूज_पेजेस’ मुळात ‘ट्राय’वर असल्याने मोठी पाने न मिळताही ते मुकाट्याने सुरू होते. मी तिथे ‘ऑन’ केले आहे. पाने मिळाली नाहीत तर डेटाबेस सुरूच होणार नाही, हे काहींना अघोरी वाटेल. पण ऐन सौद्यात कळण्यापेक्षा रीबूट होताच कळलेले मला परवडते.

तरीही जुनी फाइल उचलून जशीच्या तशी नव्या फोल्डरात टाकू नकोस. पेढीच्या फाइलमध्ये ‘टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल’ हे नेटवर्कचे सेटिंग होते, जे कर्नल ४.१२ पासून अस्तित्वातच नाही. तेवढ्याने फक्त एक एरर दिसेल. त्याखालची ‘सोमॅक्सकॉन’ (रांगेत थांबणाऱ्या नव्या कनेक्शनची मर्यादा) १०२४ ही ओळ जास्त घातक. मूळ मूल्य १२८ होते तेव्हा ती वाढ होती, कर्नल ५.४ पासून मूळ मूल्यच ४०९६ आहे, म्हणजे तीच ओळ आता मर्यादा खाली आणते, आणि तीही एररशिवाय. अशा फाइली वर्षानुवर्षे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर वारसाहक्काने जातात, त्याचा हा परिणाम.

तेव्हा अपग्रेडपूर्वी कर्नलची चालू सेटिंग्ज दाखवणाऱ्या ‘सिसकंट्रोल -ए’ या आज्ञेचे आउटपुट जपून ठेव आणि नंतरच्या आउटपुटशी ताडून पाहा. किती मोठी पाने लागतील, ते पोस्टग्रेसला ‘शो शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस’ असे विचारले की कळते. सेटिंग हाताने लागू करून समाधान मानू नकोस, कारण ते रीबूटपर्यंतच टिकते. रीबूट करूनच मेमइन्फो बघ.

तुमची सिसकंट्रोल.कॉन्फ पाठवून दे, म्हणजे कोणत्या ओळी ठेवायच्या ते रविवारी फोनवर ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद