कारुरू म्हणजे नुसती भेंडीची भाजी नव्हे
संपादक महोदय,
ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या कारुरूची रेसिपी देताना लोक बिनधास्त लिहितात की तेल कुठलंही चालेल, हे मला अजिबात पटत नाही. बारीक चिरलेली भेंडी, कांदा, आलं, वाटलेली सुकी कोळंबी, शेंगदाणे, काजू हे सगळं देंदे म्हणजे लाल पाम तेलात घट्टसर शिजवतात, ते तेल काढलं की रंग गेला, वास गेला, मग उरलं काय? आणि भेंडीच्या तारेला घाबरू नका हो, दाटपणा तिच्यामुळेच येतो. बाहियाची राजधानी साल्वादोरमध्ये 27 सप्टेंबरला जुळ्या संतांच्या, कोस्मे-दामियाव यांच्या नावाने हे घरोघरी शिजतं, आधी सात लहान मुलांना वाढतात. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी जपलेली चव आहे ही, रेसिपीसोबत एवढं तरी छापा.
– एक वाचक