नवा संघ मुलांनी पाहायचा तरी कुठे?

महोदय,

महाविद्यालयाने खो-खोचा किंवा कबड्डीचा नवा संघ उभा केला, गणवेश दिला, तरी त्याच्या पाठीशी विद्यार्थी उभे राहत नाहीत, अशी तक्रार मराठवाड्यातील प्राध्यापकवर्गात वारंवार ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण दोष मुलांच्या अनास्थेला देणे मला पटत नाही. अर्जुन पुरस्काराच्या (२०२०) मानकरी खो-खोपटू सारिका काळे धाराशिवच्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे मूळच्या बीड जिल्ह्यातील. या मातीत खेळाची आवड नाही, असे कोण म्हणेल?

अडचण वेगळीच आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एखाद्या यजमान महाविद्यालयात भरते. आपला संघ पहाटे जीपने निघतो, बाद पद्धतीत पहिलाच सामना हरला तर दिवेलागणीपूर्वी परततो, आणि उरलेल्या विद्यार्थ्यांना हे सारे कळते ते सूचना फलकावरून, तेही संघ जिंकला तर. टाळी वाजते ती ओळखीच्या खेळाडूसाठी. वर्गात शेजारच्या बाकावर बसणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी खांबाजवळ सूर मारणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला ऐनवेळी हुलकावणी देते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढच्या सामन्याला बोलावणे धाडावे लागत नाही. हजेरीची किंवा श्रेयांकाची सक्ती करून मैदानाभोवती गर्दी जमेल, पण ती मोबाइलमध्ये मान घालून बसेल.

म्हणून शेजारच्या दोन महाविद्यालयांनी स्पर्धेच्या हंगामापूर्वी एक सामना इथे आणि एक तिथे, असे मैत्रीपूर्ण सामने ठेवावेत. खो-खोला दोन खांब, फक्की आणि सपाट जमीन एवढेच लागते; पाहुण्या संघाचे भाडे आणि चहा-नाश्ता हा काही महाविद्यालय बुडवणारा खर्च नव्हे. वेळ मात्र विचारपूर्वक ठरवावी. खेड्यांतून येणाऱ्या मुलींना गावाकडची एसटी गाठायची असते आणि ती चुकली तर घरी उत्तरे द्यावी लागतात, त्यामुळे पाच वाजता सुरू होणारा सामना त्यांच्यासाठी नसल्यातच जमा आहे. तो दुपारी, तासिका आटोपताच सुरू व्हावा. मराठवाड्यातील विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी अशा सामन्यांना वार्षिक वेळापत्रकात जागा द्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त क्रीडा संचालक, धाराशिव