ग्लोबल व्हेरिएबल कोठे राहते, तेही शिकवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकी पदविका आणि पदवीच्या पहिल्या वर्षी सी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये एक वाक्य हमखास सापडते : 'ग्लोबल व्हेरिएबलला किंमत दिली नाही, तर ती आपोआप शून्य असते.' (ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे सगळ्या प्रोग्रामला वापरता येणारी, नाव दिलेली मेमरीतील जागा.) वाक्य बरोबर आहे. सी भाषेचे प्रमाणकही तेच सांगते. परंतु हे शून्य तेथे कोण ठेवते, केव्हा ठेवते आणि त्यासाठी जागा कोठे खर्च होते, असे पुढे नोकरीच्या मुलाखतीत विचारले, की बहुतेक मुले गप्प होतात. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याच्या व्यवसायात असल्यामुळे मला हा अनुभव वारंवार येतो. म्हणूनच सीच्या प्रात्यक्षिकांत मेमरी सेक्शनचा, म्हणजे प्रोग्रामची मेमरी ज्या विभागांत वाटली जाते त्यांचा, समावेश व्हावा, ही मागणी मी आपल्या दैनिकातून मांडू इच्छितो.

कंपायलर (सीमधील मजकूर संगणकाच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) सगळी ग्लोबल व्हेरिएबल सरसकट एका ठिकाणी ठेवत नाही. शून्याखेरीज काही किंमत दिलेले व्हेरिएबल 'डेटा' सेक्शनमध्ये जाते, किंमत न दिलेले किंवा शून्यच दिलेले 'बीएसएस'मध्ये, आणि 'कॉन्स्ट' (न बदलणारे) म्हटलेले बहुधा 'आरओडेटा' या फक्त वाचण्याच्या भागात. लिनक्सवर १० लाख पूर्णांकांचा एक ग्लोबल अ‍ॅरे कोणतीही किंमत न देता लिहावा. तयार होणारी फाइल काही किलोबाइटांचीच असते, कारण बीएसएसची केवळ लांबी फाइलमध्ये नोंदलेली असते आणि शून्यांनी भरलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्राम चालताना पुरवते. आता त्याच अ‍ॅरेच्या पहिल्या घटकाला १ ही किंमत द्यावी. फाइल एकदम सुमारे ४० लाख बाइटांनी फुगते, कारण त्या एका आकड्यापायी उरलेली ९,९९,९९९ शून्येही फाइलमध्ये लिहावी लागतात. सेक्शनचे आकार दाखवणारी 'साइझ' ही कमांड चालवली, की तोच आकडा बीएसएसच्या रकान्यातून उठून डेटाच्या रकान्यात जाऊन बसलेला दिसतो. एवढे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

संगणकावर ४० लाख बाइटांचे कोणाला काही वाटत नाही, हे खरे. मायक्रोकंट्रोलरवर (उपकरणात बसवलेल्या छोट्या संगणक-चिपवर) मात्र हाच हिशेब जिवावर येतो. तेथे प्रोग्राम फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असतो आणि बदलणारी व्हेरिएबल रॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत). डेटा सेक्शनमधील सुरुवातीच्या किमती वीज गेल्यावरही टिकल्या पाहिजेत, म्हणून त्यांची एक प्रत फ्लॅशमध्ये ठेवली जाते आणि मेन फंक्शन सुरू होण्यापूर्वी स्टार्टअप कोड ती रॅममध्ये उतरवतो; बीएसएसचा भाग तोच कोड शून्याने पुसून घेतो. जर्नलमधले 'आपोआप' ते हेच. स्टार्टअप कोड स्वतः लिहिणाऱ्याने पुसण्याचे ते चार ओळींचे लूप गाळले, तर व्हेरिएबलमध्ये रॅममधला उरलासुरला कचरा मिळतो. (काही वेळा आम्ही एखादे व्हेरिएबल मुद्दाम वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवून या पुसण्यातून वाचवतो, म्हणजे रीसेट होण्यापूर्वी काय घडले होते ते नंतर वाचता येते.)

एआरएम कॉर्टेक्स-एम वर्गातील चिपवर १ किलोबाइटचा तक्ता 'कॉन्स्ट' न लिहिता ठेवला, तर तो फ्लॅशमध्ये १ आणि रॅममध्ये १ किलोबाइट, अशी दुहेरी जागा अडवतो. 'कॉन्स्ट' लिहिले, की रॅममधली जागा सुटते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हमखास दिसणाऱ्या अर्डुइनो उनो या बोर्डवर तेवढ्यानेही भागत नाही. त्यावरील एटीमेगा३२८पी चिपमध्ये फ्लॅश ३२ किलोबाइट आणि रॅम अवघी २ किलोबाइट; शिवाय तिची रचना अशी, की कंपायलर 'कॉन्स्ट' तक्ते आणि एलसीडीवर दाखवायचे संदेशही रॅममध्येच उतरवतो. ते फ्लॅशमध्येच राहावेत म्हणून 'प्रोगमेम' असे वेगळे सांगावे लागते. हे ठाऊक नसलेली मुले, रॅम संपून बोर्ड मध्येच रीसेट होऊ लागला, की बोर्ड खराब आहे असे समजून नवा आणतात.

'स्टॅटिक'बद्दलही असाच गोंधळ आहे. फंक्शनच्या आत लिहिलेले स्टॅटिक व्हेरिएबल स्टॅकवर (फंक्शन संपताच मोकळ्या होणाऱ्या तात्पुरत्या जागेत) नसते, तेही डेटात किंवा बीएसएसमध्येच जाते. ग्लोबलच्या तुलनेत बदलते ती फक्त त्याची दृश्यता, म्हणजे ते कोठून वापरता येते एवढेच.

आणखी एक मुद्दा अधिक गंभीर आहे. हेडर फाइलमध्ये (अनेक फाइलींत घ्यायच्या घोषणांच्या फाइलमध्ये) 'एक्स्टर्न' ('व्याख्या दुसरीकडे आहे' असे सांगणारा शब्द) न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल घोषित करायचे आणि ती हेडर अनेक फाइलींत घ्यायची, ही सवय आपल्याकडे सर्रास आहे. जीसीसी हा कंपायलर पूर्वी असे किंमत न दिलेले व्हेरिएबल 'कॉमन' म्हणून सोडून देत असे आणि लिंकर (वेगवेगळ्या फाइली जोडून एक प्रोग्राम बनवणारे साधन) सारखी नावे एकत्र करीत असे. फोरट्रानच्या कॉमन ब्लॉकचा हा वारसा. एका फाइलीत ते 'इंट' आणि दुसरीत 'डबल' असले तरी लिंकर प्रकार तपासत नसे, मोठा आकार धरून मोकळा होत असे. एकाच सातबाऱ्यावर दोघांनी आपापली नावे चढवावीत आणि तलाठ्याने काही न विचारता सही करावी, तसा हा प्रकार. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून ही सवलत आपोआप मिळणे बंद झाले. आता लिंकर एकाच नावाच्या दोन व्याख्या आढळल्याची तक्रार करून थांबतो. त्यावर 'एफ-कॉमन' हा पर्याय देऊन जुने वर्तन परत आणण्याचा सल्ला सहज मिळतो. माझ्या मते विद्यार्थ्यांना तो देऊच नये. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' आणि एकाच सी फाइलमध्ये व्याख्या, ही शिस्त पहिल्या वर्षीच लागली पाहिजे.

काही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही टर्बो सी वापरले जाते. १९८७ साली आलेल्या या कंपायलरच्या 'स्मॉल' मॉडेलमध्ये सगळा डेटा आणि स्टॅक मिळून ६४ किलोबाइटांच्या एका सेगमेंटमध्ये बसवावे लागतात, त्यामुळे वरील १० लाखांचा प्रयोग तेथे करताच येत नाही. जीसीसी आणि त्यासोबतची साइझ, एनएम, ऑब्जडम्प ही साधने विनामूल्य आहेत आणि लॅबमधल्या जुन्या संगणकांवरही चालतात, म्हणजे खरेदीचा प्रश्न उद्भवत नाही. प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये प्रोग्राम आणि आउटपुटच्या खाली 'साइझ'चे आकडे लिहून घ्यावेत आणि सत्रात एकदा तरी लिंकरची मॅप फाइल उघडून प्रत्येक ग्लोबल व्हेरिएबलचा पत्ता त्यात शोधायला लावावा, अशी माझी अभ्यासमंडळांना आणि शिक्षकांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे